एका हाकेची लांबी

अटलांटाजवळच्या अल्फारेटात कुणाकडे हळदीकुंकवाला किंवा मुलांच्या ग्रॅज्युएशन पार्टीला गेलं की हातात प्लेट येण्याआधी प्रश्न येतो, "तुम्ही कुठे असता?" घर विचारत नाहीत, कंपनी विचारतात. मी सांगते, "मी रेडिओवर लोकांचे 'अं' कापते." समोरचा माणूस सौजन्याने हसतो, हवापाण्याची चार वाक्यं बोलतो आणि हळूच डेटाबेसवाल्या कुणाकडे तरी वळतो. आता मला त्याची सवय झाली आहे.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं फील्ड एकदम हटके आहे यार, लिहा ना. थोडं मोटिव्हेशनल ठेवा फक्त." मोटिव्हेशनल मला जमत नाही, हे तिला तेव्हाच सांगितलं. कामाविषयी मात्र सांगते.

मी मूळची नागपूरची. तिथल्या रेडिओवर टेप कापायला शिकले. तेव्हा आवाज खरोखरच कापावा लागे. टेप यंत्राच्या हेडवरून पुढेमागे फिरवायची, शब्द कुठे सुरू होतो ते कानाने पकडायचं, खडूने खूण करायची आणि ब्लेडने तिरका छेद द्यायचा. नको तो तुकडा खाली पडायचा. संध्याकाळी टेबलाखाली नेत्यांचे, कवींचे आणि शेतीतज्ज्ञांचे 'अं' आणि खोकले यांचा ढीग साचलेला असे, आणि झाडूवाल्या बाई करवादत, "एवढं बोलायचंच कशाला, जर फेकायचंच आहे?" लग्न होऊन इथे आले तेव्हा व्हिसा असा होता की काम करायची परवानगी नाही. बरीच वर्षं घरातच गेली. मग ग्रीन कार्ड आलं आणि अटलांटातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रात मला काम मिळालं. ब्लेडच्या जागी माउस आला, बाकी काम तेच.

त्या केंद्राचा एक कार्यक्रम गेली कित्येक वर्षं माझ्या वाट्याला आहे. एक कृष्णवर्णीय लेखक आणि एक कृष्णवर्णीय संगीतकार समोरासमोर बसतात आणि आपापल्या कामाविषयी बोलतात. मध्ये सूत्रसंचालक नाही, पुस्तकाची जाहिरात नाही. वाक्य कसं सुचतं, सूर कुठे सोडून द्यायचा, लिहिता येत नसेल तेव्हा दिवस कसा काढता, असलं बोलणं. समोर लोक बसलेले असतात, त्यामुळे बोलणं दीड-दोन तास चालतं. रेडिओला अर्धा तासही पुरा मिळत नाही. मधलं सगळं मी कापते.

हे ऐकून लोकांना वाटतं, सोपं आहे. 'अं' दिसला की उडवायचा. तसं केलं तर माणूस माणसासारखा ऐकू येत नाही. 'अं'च्या आधी त्याने श्वास घेतलेला असतो. 'अं' काढला आणि श्वास ठेवला, की तो दचकल्यासारखा वाटतो. दोन्ही काढले की कुणी मागे बंदूक लावल्यासारखा बोलतोय असं वाटतं. म्हणून मधली जागा भरावी लागते, आणि ती भरायला शांतता लागते. शांतताही कुठलीही चालत नाही, त्याच खोलीची लागते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की मी सगळ्यांना सांगते, "आता कुणी हलू नका, मला खोली रेकॉर्ड करायची आहे." मोठमोठे लोक शाळेतल्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसतात. एकदा एक म्हातारा बेसवादक असाच डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, झोप लागली. तर डोळे न उघडताच म्हणाला, "ही खोली बी फ्लॅट सुरात आहे. पलीकडचा फ्रीज बंद करा, म्हणजे ती गप्प बसेल." फ्रीज बंद केला आणि खोली खरंच गप्प झाली. तोपर्यंत मला माझ्या कानांचा गर्व होता.

आणखी एक कादंबरीकार बाई होत्या. त्यांच्या बोलण्यात दर वाक्याला 'यू नो' यायचं. मी इमानेइतबारे सगळे काढले. कार्यक्रम लागल्यावर त्यांचा फोन आला. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "हनी, मी 'यू नो' म्हणते तेव्हा समोरच्याला बसायला खुर्ची देत असते. तू माझ्या घरातल्या सगळ्या खुर्च्या उचलून नेल्यास." त्या दिवसापासून मी कापण्याआधी विचार करते, हा 'अं' रिकामा आहे की त्यात कुणी बसलंय. बहुतेक वेळा कळतं. ज्या एका वेळी मला काहीच कळेना, त्याविषयी लिहिण्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

मिस बर्निस लेखिका, आणि मिस्टर हरमन त्यांचा धाकटा भाऊ. दोघंही सत्तरीच्या पुढे. इथे दक्षिणेत वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी 'मिस' किंवा 'मिस्टर' लावतात, मग लग्न झालेलं असो वा नसो. आपण 'बाई', 'काका' म्हणतो तसंच ते. मिस बर्निसच्या कादंबऱ्या कॉलेजात शिकवतात. मिस्टर हरमन लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आले. प्रवचनकार बोलत असताना मागून ऑर्गनने त्याला साथ द्यायची, तो श्वास घेईल तिथे दोन सूर ठेवायचे, तो चढला की आपणही चढायचं. त्यांना बोलवायला मोठी चर्चेस रांग लावत, असं सगळे सांगतात. आणि मिस्टर हरमन बोलताना अडखळत.

अडखळत म्हणजे साधंसुधं नाही. ओठ मिटून म्हणायची अक्षरं, ब, प, म, त्यांच्या वैऱ्यासारखी होती. अक्षर ओठांशी येऊन अडकायचं, मान एका बाजूला झुकायची, डोळे मिटायचे आणि शब्द बाहेर येईपर्यंत समोरच्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही. आपल्याकडे अशा माणसाला एक शब्द आहे, तो मी इथे लिहिणार नाही. शाळेत तो वापरला नाही असा आपल्यातला एकही जण नसेल. (ते इंग्रजीत बोलले ते मी मराठीत सांगते आहे. अडखळण्याच्या जागा थोड्या इकडेतिकडे होतील, त्याला इलाज नाही.)

अटलांटातल्या एका लायब्ररीच्या सभागृहात दुपारचं रेकॉर्डिंग होतं. लोक यायच्या आधी मी दोघांना माइक लावले. आवाजाची पातळी बघायला आम्ही पाहुण्यांना नेहमी एकच प्रश्न विचारतो, सकाळी काय खाल्लंत? राजकारणी असो वा रॅपर, या प्रश्नाला माणूस नेहमीच्या आवाजात उत्तर देतो.

मिस्टर हरमन म्हणाले, "टोस्ट."

मिस बर्निस पुढ्यातले कागद चाळत, वर न बघता म्हणाल्या, "खोटं. बिस्किट आणि ग्रेव्ही खाल्लीय त्याने. मीच केली होती."

इथलं बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे, गरम जाडसर पाव असतो. मिस्टर हरमन ओशाळून हसले. मिस बर्निस माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बिस्किट ब वरून आहे. हॉटेलात गेला की हा टोस्ट मागवतो. जन्मभर याने जे म्हणता येईल ते खाल्लंय, जे हवं ते नाही."

"आणि हिला सिस म्हणतो," मिस्टर हरमन म्हणाले. त्यांचं हसू तसंच होतं. "हिचं नावही त्याच अक्षरावरून आहे ना."

मी काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. माझ्या आईने बाबांना जन्मभर 'अहो' म्हटलं. लग्नकार्यात नाव घ्यायचीच वेळ आली तर आधी दोन ओळी जुळवायच्या, यमक आलं की शेवटी नाव. त्याला उखाणा म्हणतात. मिस्टर हरमन लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे तुमच्याकडच्या सगळ्या ब... बायका नवऱ्याच्या नावापाशी अडखळतात तर," ते म्हणाले. "मला तिकडे कुणी नावं ठेवली नसती."

आम्ही तिघंही हसलो. माणूस मिश्कील आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. मिस बर्निस काय बोलल्या ते मला जवळजवळ पाठ आहे, कारण नंतर ते मी इतक्या वेळा ऐकलं. त्या म्हणाल्या, "लोक विचारतात, लिहायला कुठे शिकलीस. मी दुकानात शिकले. आई आम्हा दोघांना वाण्याकडे पाठवायची. काय हवं ते हरमननेच सांगायचं, आणि त्याचं वाक्य मी पुरं करायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. म्हणून मी थांबायचे. दुकानदार गोरा होता. तो थांबत असे तेव्हा मी त्याच्याकडे बघायचे. त्याची बोटं काउंटरवर काय करतात, मागच्या रांगेतली बाई नजर कुठे वळवते, कोण दया करतंय, कोणाला मजा वाटतेय. हरमनचा शब्द येईपर्यंत ते अख्खं दुकान मला वाचून व्हायचं. तेच मी पुढे लिहिलं. माझ्या वाक्यांत मुख्य शब्द शेवटी येतो, असं समीक्षक म्हणतात. तो हरमनमुळे उशिरा येतो."

मिस्टर हरमननी संगीताविषयी सांगितलं, मधूनमधून समोरच्या पियानोवर दाखवलं. वाजवताना कुठेच अडथळा नव्हता. त्यांनी लग्नाचा एक किस्साही सांगितला. नवरदेव आलाच नव्हता, लोक ताटकळलेले, यांना येतात ती सगळी गाणी वाजवून झाली. शेवटी मयताला वाजवायचं एक गाणं त्यांनी गोड करून वाजवलं. नवरीची आई जवळ येऊन म्हणाली, सुंदर आहे हो हे, लग्नाचंच ना? यावर त्यांचं उत्तर होतं, "मॅडम, नवरदेव येतो की नाही, त्यावर आहे." पण 'मॅडम'चा म अडला. मान झुकली. लोक अस्वस्थ झाले, कुणीतरी धीर द्यावा म्हणून आधीच हसलं, मग सगळे हसले, आणि खरं उत्तर आलं तेव्हा हसू संपून गेलं होतं.

शेवटी मिस बर्निस सहज म्हणाल्या, "या माणसाने आयुष्यात कधी मला नावाने हाक मारलेली नाही." त्यात तक्रार नव्हती. पण मिस्टर हरमन सरळ बसले. म्हणाले, "थांब." आणि त्यांनी नाव घ्यायला सुरुवात केली.

माझ्या कानावर हेडफोन होते. ओठ मिटल्याचा आवाज, अडलेला श्वास, ब, परत ब, ब, मग काहीच नाही, मग पुन्हा ब. एवढ्या माणसांत एकही खुर्ची वाजली नाही. मिस बर्निस त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मदतीची घाई अजिबात नव्हती. मग नाव आलं. "बर्निस." लोक उठून उभे राहिले. मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली.

परतताना फोर हंड्रेड हायवेवर नेहमीसारखा ट्रॅफिक होता आणि मी मनात कार्यक्रम रचत होते. सगळं अडखळणं जसंच्या तसं ठेवायचं, शेवट नावावर. प्रोड्यूसर जॅस्मिनचंही तेच मत. ती चाळिशीतली, करारी बाई आहे, तीही कृष्णवर्णीयच. आमच्या केंद्राचा नियमच आहे, कुणाच्या बोलण्यातलं अडखळणं किंवा बोलीतला हेल सुधारायचा नाही. "आपण माणसं रिपेअर करत नाही, शुभा," असं ती नेहमी म्हणते. मला तो नियम तेव्हाही पटत होता, आजही पटतो.

दुसऱ्या दिवशी मिस्टर हरमनचा फोन आला. बराच वेळ बोलले. "मिस शुभा, तू म्हणालीस तू लोकांचे 'अं' कापतेस. माझेही काप. सगळे."

मी नियम सांगितला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचा नियम माझ्या भल्यासाठी आहे, ते ठाऊक आहे मला. पण माझ्या भल्यासाठी लोक फार वर्षं वागत आलेत. पेपरात माझ्याविषयी छापून येतं, जीभ अडते पण ब... बोटं कशी वाहतात. मी ऑर्गन बोलता येत नाही म्हणून वाजवत नाही. मला आवडतो म्हणून वाजवतो. सत्तर वर्षं लोकांनी मी कसं बोलतो ते ऐकलं. एकदा तरी मी काय म्हणतो ते त्यांनी ऐकावं."

बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण गहू असलेला माणूस त्यावर स्वतः काय म्हणत असेल, हे मनात कधी आलं नव्हतं.

जॅस्मिनने मिस बर्निसना कळवलं, कारण कार्यक्रम लावायला दोघांची संमती लागते. मिस बर्निस संतापल्या. "त्याचं थांबणं काढलंत तर माझी पुस्तकं कुठून आली? मी तिथे बसून सांगते की मी याच्यासाठी थांबत होते, आणि हा घडाघडा बोलतोय? मी खोटारडी ठरेन. मी संमती देणार नाही." भावाने सांगितलं, अडखळत्या आवाजात लावणार असाल तर माझी संमती नाही. दोघं एकाच रस्त्यावर, चार घरं सोडून राहतात. दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. त्यांच्या चर्चमध्येही कुजबुज सुरू झाली. जॅस्मिन म्हणाली, "कार्यक्रम गेला तर गेला, भावाबहिणीत आपण फूट पाडली, ते मला नको आहे."

घरी मी आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. "सिंपल आहे ना. दोन व्हर्जन्स बनव, दोघांना डेमो दे, मग डिसाइड करू दे." एरवी त्याच्या सिंपलवर माझा विश्वास नसतो. या वेळी ठेवला.

मी अडखळणं काढलेली नितळ प्रत करायला बसले. इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. अडलेल्या शब्दातला शेवटचा 'ब' ठेवून आधीचे काढले तर काम भागत नाही, कारण त्या शेवटच्या 'ब'मध्ये धाप असते. तो शब्द ढकलल्यासारखा येतो. म्हणून त्याच माणसाच्या बोलण्यात दुसरीकडे कुठे सहज आलेला ब आहे, तो शोधायचा आणि इथे जोडायचा. 'ब्रदर'मधला ब, 'बेस'मधला ब. मध्ये त्या सभागृहाची शांतता. मग परत ऐकायचं, परत मोडायचं. हळूहळू माझ्या स्पीकरमधून एक माणूस बोलू लागला, जो मला आजवर भेटला नव्हता. तल्लख, थोडा खट्याळ, वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली नेणारा. त्याच्याशी गप्पा मारायला मला फार आवडलं असतं. त्याचं वाईटही वाटलं आणि असं वाईट वाटण्याचा मला काय अधिकार, असंही वाटलं. शेवटी नाव होतं. तिथे हात थांबला. पण ते 'सगळे' म्हणाले होते. मी नावही नितळ केलं.

दोघं स्टुडिओत आली ती वेगवेगळ्या गाड्यांतून. मिस बर्निस कोचाच्या एका टोकाला बसल्या, पर्स मांडीवर धरून. मिस्टर हरमन दुसऱ्या टोकाला. जॅस्मिन दारापाशी उभी. मी प्ले केलं.

मिस्टर हरमननी डोळे मिटले. स्वतःचा आवाज सुरू झाल्यावर त्यांचा खालचा ओठ थरथरला, मग तो स्थिर झाला. ते ऐकत होते, आणि मी त्यांना ऐकताना बघत होते. सगळं आयुष्य ज्याची वाट बघितली तो पाहुणा दारात येऊन उभा राहावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मिस बर्निस समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

मग लग्नाचा किस्सा आला. नवरीची आई विचारते, लग्नाचंच ना? आणि लागलीच, एक श्वासही न दवडता, "मॅडम, नवरदेव येतो की नाही, त्यावर आहे."

मिस्टर हरमन स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. जॅस्मिन हसली. आणि मिस बर्निस, हसायचं नाही असं ठरवून आलेल्या मिस बर्निस, पर्स सोडून तोंडावर हात घेऊन हसल्या. हसता हसता थांबल्या आणि भावाकडे वळल्या. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"तू हे नेहमी सांगतोस," त्या म्हणाल्या. "हा किस्सा मी शंभरदा ऐकलाय."

"हो."

"तो विनोदी आहे हे मला आज कळलं." त्यांचा आवाज चिरला. "हरमन, माझ्या पुस्तकांत तू सगळीकडे दुःखी आहेस. प्रत्येक पुस्तकात. मी तुझ्यासाठी थांबले आणि सगळा वेळ दुसऱ्यांकडेच बघत राहिले. तू गमतीदार आहेस हे मी एकदाही लिहिलं नाही."

कोचावर हात सरकवून मिस्टर हरमननी तो बहिणीच्या हातावर ठेवला.

"असंच लावा," मिस बर्निस जॅस्मिनला म्हणाल्या. "याला हवं तसं. लोकांना काय वाटायचं ते वाटो. माझी संमती आहे."

माझा जीव भांड्यात पडला. अजून शेवट राहिला होता, तो मी चालू केला. मिस बर्निसचं वाक्य आलं, या माणसाने कधी मला नावाने हाक मारलेली नाही. मिस्टर हरमनचं 'थांब' आलं. आणि लगेच, स्वच्छ, बिनचूक, "बर्निस."

मिस बर्निसनी हात वर केला. "परत."

मी परत लावलं. "बर्निस."

"आणखी एकदा."

"बर्निस."

मला वाटलं, त्या सुखावल्यात. सत्तर वर्षांत पहिल्यांदा भावाच्या तोंडून नाव असं सरळ ऐकलंय, पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत असेल. मनातल्या मनात मी माझी पाठही थोपटली. तो 'ब' जुळवायला मला किती त्रास झाला होता ते मलाच माहीत होतं.

मिस बर्निस मान हलवत होत्या. चिडून नाही. घरी आलेल्या अनोळखी माणसाला, तुम्ही चुकीच्या पत्त्यावर आलात, असं आपण नम्रपणे सांगतो तसं त्या म्हणाल्या, "ही कुणीतरी दुसरी आहे. माझं नाव एवढं आखूड नाही."

मिस्टर हरमन बहिणीकडे बघत राहिले. मग ते माझ्याकडे वळले. "मिस शुभा, तेवढं परत घाल. ब... बाकी सगळं राहू दे. हिचं नाव जसं होतं तसं घाल."

मी त्यांच्यासमोरच घातलं. कापलेलं सगळं जपून ठेवलेलं होतं, ते एकेक करून जागेवर आणलं. मिटलेले ओठ, अडलेला श्वास, एकामागून एक ब, मधली ती लांब शांतता. मग सुरुवातीपासून लावलं. दोघं कोचावर शेजारी शेजारी बसून ऐकत होती. नाव यायला वेळ लागला. आलं तेव्हा मिस बर्निसनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "हं. आता माझं आहे."

कार्यक्रम लागला. पुष्कळ लोकांनी कळवलं की मिस्टर हरमन इतके हजरजबाबी आहेत हे माहीत नव्हतं. सुरुवातीला जॅस्मिनने त्यांच्या इच्छेविषयी दोन वाक्यं सांगितली होती, पण रेडिओ लोक मध्येच लावतात. त्यामुळे एका श्रोत्याने मेल केला. जाणकार असावा. लिहिलं होतं की कार्यक्रम उत्तम, आवाजाचं काम तर फारच सफाईचं, फक्त शेवटी एका ठिकाणी ते गृहस्थ वाईट अडखळतात, ते तुमच्या एडिटरच्या नजरेतून निसटलेलं दिसतं, पुन्हा लावताना काढून टाकावं.

जॅस्मिनने तो मेल माझ्याकडे पाठवला, उत्तर काय द्यायचं म्हणून. मला दोन-तीन खरमरीत उत्तरं सुचली होती. तरी आधी मिस्टर हरमनना फोन केला आणि मेल वाचून दाखवला. पलीकडे ते हसले. मग बोलायला लागले, शब्द ओठांशी अडला, आणि मी फोन कानाशी धरून थांबले.

"त्याला कळव," ते म्हणाले, "त्या वेळी मी माझ्या ब... ब... बहिणीला हाक मारत होतो."